पाय माझे, झेंडा कुणाचा?

पत्र

मी वीस वर्षांची आहे. १५०० मीटर धावते. जन्मले एका देशात, अकराव्या वर्षी आईबाबांबरोबर दुसऱ्या देशात आले आणि धावायला शिकले ती इथंच. पासपोर्ट अजून जन्माच्या देशाचा आहे. इथलं नागरिकत्व आता मिळू शकतं. आजवर मी कुठल्याच देशाची जर्सी घातलेली नाही, फक्त क्लबची घातली.

यंदा माझी वेळ एकदम सुधारली आणि घरात भांडणं सुरू झाली. जन्माच्या देशाच्या संघटनेचा निरोप आला: आमच्याकडून धाव, पण कोच सोडून आमच्या कॅम्पला ये. इथला कोच म्हणतो, नागरिकत्व घे, भावना बाजूला ठेव. पण इथं माझ्याहून वेगवान अशा पाच जणी आहेत. बाबा मातीच्या ऋणाबद्दल बोलतात. भाऊ म्हणतो, जिथं पैसा तिथं जा. मला खरं सांगायचं तर कुणाच्याच वतीनं धावायचं नाही. पहाटे उठते मी, पाय दुखतात माझे. मग मोठ्या स्पर्धेला मला माझ्या नावानं का जाता येऊ नये? खेळाडूवर देशाची सक्ती असावीच का? आणि सक्ती असेलच, तर मी कुठला देश निवडू?

– पंधराशे मीटरवाली

उत्तर

प्रिय पंधराशे मीटरवाली,

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि तू ते एकाच दमात विचारलेस. सक्ती असावी का, हा जगाचा प्रश्न. कुठला देश घेऊ, हा तुझा. दुसऱ्याची घाई आहे हे मला दिसतंय, पण पहिल्यातून गेल्याशिवाय दुसऱ्याचं उत्तर नीट येणार नाही. थोडा धीर धर. पंधराशेत पहिल्या लॅपला सुसाट सुटणाऱ्यांचं पुढं काय होतं ते तुला मी सांगायला नको.

आधी वस्तुस्थिती. ऑलिंपिकला किंवा अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक स्पर्धेला ‘मी माझी’ म्हणून जायचं दार आज नाही. गंमत अशी की ऑलिंपिकच्या सनदेत स्वच्छ लिहिलंय, या स्पर्धा खेळाडूंमधल्या आहेत, देशांमधल्या नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं आणि आयोजकांनी देशवार क्रमवारी लावू नये असंही त्यात आहे. पण त्याच सनदेप्रमाणे तुझं नाव पाठवायचा अधिकार फक्त राष्ट्रीय ऑलिंपिक समितीला आहे. म्हणजे लढत तुझी, पण तिथं पोचायचं ते दुसऱ्याच्या सहीनं. आणि पदकतक्ता रोज सकाळी जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून येतो तो येतोच.

हे सुरुवातीपासून असं नव्हतं. १८९६ साली अथेन्सला जॉन पायस बोलंड नावाचा ऑक्सफर्डचा विद्यार्थी, मूळ आयर्लंडचा, मित्राकडे पाहुणा म्हणून गेला आणि टेनिसमध्ये उतरला. एकेरीच्या पहिल्याच फेरीत त्यानं फ्रिडरिश ट्राउन या जर्मन गड्याला हरवलं. मग दुहेरीसाठी दोघांनी जोडी जमवली आणि जिंकलेही. आज त्या जोडीची नोंद ‘मिश्र संघ’ या खान्यात करावी लागते, कारण कुठल्याच देशाच्या रकान्यात ती बसत नाही. १९०० सालच्या पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डनं धावण्यात दोन रौप्यं मिळवली. ती भारताची की ब्रिटनची, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. प्रिचर्डला तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. नावं राष्ट्रीय समित्यांमार्फतच घ्यायची हा शिरस्ता १९०८ च्या लंडनपासून पडला. म्हणजे देशाची अट निसर्गनियम नाही. कुणीतरी ती कधीतरी घातली, आणि घातलेली अट बदलता येते.

इथवर मी तुझ्या बाजूची आहे असं तुला वाटेल. बरंचसं खरंही आहे ते. पण माझा रोख तुझ्यापेक्षा थोडा वेगळ्या ठिकाणी आहे.

मी ४०० मीटर धावायचे. एका वर्षी परदेशातल्या स्पर्धेसाठी माझी वेळ पात्रतेत बसली, निवड झाली, घरच्यांनी बॅगसुद्धा आणली. आमच्या संघटनेच्या एका पदाधिकाऱ्यानं नावांची यादी मुदत संपल्यावर पाठवली. यादीत आम्ही चौघी होतो. त्याला कुणी काही विचारलं नाही. आम्हाला सांगण्यात आलं की देशासाठी खेळायचं म्हणजे असे प्रसंग सोसावे लागतात. मी मान डोलावली. पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की त्या माणसाच्या टेबलावर देश नव्हताच. एक फाइल होती, तिच्यावर एक आळशी माणूस बसला होता, आणि ‘देश’ हा शब्द तो आडोशासारखा वापरत होता.

इथंच घोडं पेंड खातं बघ. खेळाडूवर सक्ती असते ती बहुतेक वेळा देशाची नसते, संघटनेची असते. झेंड्याशी तुझं भांडण आहे असं तुला वाटतंय. मला वाटतं, तुझं भांडण दारावर बसलेल्या माणसाशी आहे.

क्रिस्तिना त्सिमानोस्कायाचं नाव तू ऐकलं असशीलच. बेलारूसची धावपटू. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ती छोट्या अंतरांच्या शर्यतींसाठी गेली होती. तिला न विचारता ४ बाय ४०० च्या रिलेत तिचं नाव घातलं गेलं. तिनं इन्स्टाग्रामवर प्रशिक्षकांबद्दल तक्रार केली. देशाबद्दल किंवा राजकारणाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं, रिलेबद्दल होतं. तर तिला सामान भरायला सांगितलं आणि विमानतळावर नेलं. तिथं तिनं फोनवर भाषांतर करून जपानी पोलिसांना आपली अडचण दाखवली, म्हणून सुटली. पोलंडनं तिला आसरा दिला, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ती पोलंडकडून धावली. रिलेच्या यादीवरून सुरू झालेली गोष्ट माणसाला आपलं घर सोडायला लावते, कारण यादी करणारा आणि घराची किल्ली बाळगणारा एकच असतो.

इराणचा ज्युदोपटू सईद मोल्लाई २०१८ चा जगज्जेता. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत त्याच्यावर वरून दबाव आला: इस्रायलच्या सागी मुकीशी गाठ पडता कामा नये, त्याआधीच बाहेर हो. उपांत्य फेरीत तो हरला आणि परत घरी गेलाच नाही. टोकियोत त्यानं मंगोलियाकडून रौप्य मिळवलं. तुझ्या बाबांना हे जरूर वाच. ज्यानं हरायला सांगितलं तो देशाच्या नावानंच बोलत होता. आणि ज्याला हरायला लावलं तो त्याच देशाचं सुवर्ण गळ्यात घालून आलेला होता.

आणि सोन की-चंग. याची गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण झेंड्याची सक्ती म्हणजे काय ते तिच्यात अगदी उघडं दिसतं. १९३६ साली कोरियावर जपानचं राज्य होतं. बर्लिनच्या ऑलिंपिकला मॅरेथॉन धावायची तर जपानची जर्सी घालावी लागणार होती आणि नावही जपानी वळणाचं, ‘सोन कितेई’. दुसरा मार्ग नव्हता. तो धावला, जिंकला, तिसरा आलेला नाम सुंग-योंगही कोरियनच. विजयमंचावर जपानचं राष्ट्रगीत लागलं तेव्हा दोघांनी माना खाली घातल्या. जिंकणाऱ्याला तिथं एक छोटं रोपटं मिळालं होतं. सोननं ते छातीशी असं धरलं की जर्सीवरचा झेंडा झाकला जावा. कोरियातल्या डोंग-आ इल्बो या वर्तमानपत्रानं तो फोटो छापताना उरलासुरला झेंडाही खोडून टाकला. माणसं तुरुंगात गेली, पेपर कित्येक महिने बंद राहिला.

आता या माणसाला तू ‘कुणाच्याच वतीनं न धावणारा’ म्हणशील का? उलट, तो जिवाच्या आकांतानं कुणाच्या तरी वतीनं धावत होता. फक्त त्या कुणाचा झेंडा त्याला मिळत नव्हता. १९८८ ला सोलच्या स्टेडियममध्ये मशाल घेऊन तो आला तेव्हा ७६ वर्षांचा होता आणि लहान मुलासारख्या उड्या मारत होता. १९९२ ला बार्सिलोनात ह्वांग यंग-चो या दक्षिण कोरियाच्या धावपटूनं मॅरेथॉन जिंकली, तेव्हा सोन प्रेक्षकांत होता. तारीख ९ ऑगस्ट. बर्लिनचीही तारीख ९ ऑगस्टच. ऑलिंपिकच्या दप्तरात मात्र त्याचं सुवर्ण आजही जपानच्या खात्यात आहे.

म्हणून झेंडा या गोष्टीलाच मी नावं ठेवत नाही. तू वीस वर्षांची आहेस, तुला आत्ता तो ओझं वाटतो, ठीक आहे. पण कुवेतचा नेमबाज फेहैद अल-दीहानी बघ. त्याच्या देशाच्या समितीवर सरकारी ढवळाढवळीमुळे बंदी होती. २०१६ ला रिओत तो ‘स्वतंत्र खेळाडू’ म्हणून उतरला, म्हणजे तुला जे हवंय अगदी तेच. उद्घाटनाला ऑलिंपिकचा झेंडा धरशील का असं विचारलं तेव्हा त्यानं नकार दिला. सैन्यातला माणूस, म्हणाला की धरीन तर कुवेतचाच. मग डबल ट्रॅप या नेमबाजीच्या प्रकारात सुवर्ण जिंकलं. सुवर्ण मिळवणारा तो पहिला स्वतंत्र खेळाडू. वर चढला तो ऑलिंपिकचा झेंडा आणि वाजलं ते ऑलिंपिकचं गीत. भारताचा शिवा केशवन २०१४ ला सोचीत ल्यूजच्या घसरगाडीवरून बिनझेंड्याचा उतरला, कारण त्याच्या देशाची समिती निलंबित होती. शर्यत संपल्यावर दोनच दिवसांनी निलंबन उठलं. यांना झेंडा हवा होता, मिळाला नाही. सोनला नको होता, चिकटवला गेला. दोन्हीकडे खेळाडूला विचारणारं कुणी नव्हतं.

पुन्हा संघटनाच. बघ, मी फिरून फिरून तिथंच येते. म्हातारपणाचं लक्षण असेल.

आता तुला न आवडणारं बोलते.

समज, उद्यापासून देश नाहीत. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसांना बोलवा, बस. मग मोठ्या मॅरेथॉनच्या सुरुवातीच्या रेषेवर केनिया आणि इथिओपियाचेच लोक दाटीवाटीनं उभे दिसतील. आज ऑलिंपिकच्या एका शर्यतीत एका देशाचे जास्तीत जास्त तीन धावपटू असतात. ही मर्यादा काहींवर अन्याय करते. जॉर्डिन वीबर ही अमेरिकेची जिम्नॅस्ट २०११ ची जगज्जेती. लंडनला २०१२ मध्ये पात्रता फेरीत ती सगळ्या जगात चौथी आली, पण तिच्याच देशाच्या दोघी पुढं होत्या आणि अंतिम फेरीत देशाला दोनच जागा. ती बाहेर बसली, अंतिम फेरीत चोवीस जणी खेळल्या. या अन्यायाला माझ्याकडे उत्तर नाही. पण याच मर्यादेमुळे इतरांसाठी जागा उरतात. २००० साली सिडनीत इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसाम्बानी १०० मीटर पोहला. जेमतेम काही महिन्यांपूर्वी पोहायला शिकलेला, पन्नास मीटरचा तलाव तिथं जाईपर्यंत त्यानं पाहिलाही नव्हता. वेळ एक मिनिट ५२.७२ सेकंद. शेवटच्या टप्प्यात तो बुडतोय की काय अशी भीती वाटत होती. लोक हसलेही असतील, पण उभं राहून ओरडले हे नक्की. तो तिथं होता कारण त्याचा एक देश होता आणि लहान देशांना जागा राखून ठेवायची पद्धत होती. फक्त वेळेवर निवड झाली असती तर एरिक घरी बसला असता.

आणि तू? तूच लिहिलंयस की इथं तुझ्याहून वेगवान पाच जणी आहेत. त्या पाच जणी तुझ्या बिनदेशी यादीतही तुझ्या पुढंच असतील. त्यांच्यामागं आणखी किती जणी असतील ते घड्याळाला विचार.

दुसरी गोष्ट पैशाची. देश बाजूला झाले तरी खुर्ची रिकामी राहत नाही. बूट बनवणारी कंपनी येऊन बसते. हे काही वाईटच असतं असं नाही. डायमंड लीग या अ‍ॅथलेटिक्सच्या स्पर्धामालिकेत धावपटू प्रायोजकांच्या कपड्यांत धावतात आणि मजेत धावतात. पण कंपनी जिंकणाऱ्याच्या मागं उभी राहते. जखमी झालेल्या, अजून न जिंकलेल्या, मागच्या गल्लीतल्या मुलीला ट्रॅक, डॉक्टर, प्रवास कोण देतं? जिथं काही मिळतं तिथं बहुतेकदा सार्वजनिक पैसाच मिळतो, आणि तो देणाऱ्यांना टीव्हीवर आपलं काहीतरी दिसावं असं वाटतं. मला त्यात पाप दिसत नाही.

आणि एक. ‘तटस्थ’ म्हणून का नाही जाऊ शकत, असं तुझ्या मनात आलंच असेल. तो रस्ता तुझ्यासाठी नाही. पॅरिसला २०२४ मध्ये रशियाचे १५ आणि बेलारूसचे १७ खेळाडू ‘वैयक्तिक तटस्थ’ म्हणून खेळले. संघ म्हणून प्रवेश नाही, सैन्याशी करार असलेल्यांना नाही, युद्धाला पाठिंबा दिलेल्यांना नाही, उद्घाटनाच्या संचलनात नाही, पदकतक्त्यात नाही. म्हणजे झेंडा काढला, पण प्रत्येकाची झडती घेतली ती त्याचा पासपोर्ट बघूनच. निर्वासितांचा संघ २०१६ पासून आहे. तेव्हा त्यात दहा जण होते, पॅरिसला ३७. सिंडी नगाम्बा, कॅमेरूनमध्ये जन्मलेली, ब्रिटनमध्ये वाढलेली, ब्रिटिश पासपोर्ट न मिळालेली बॉक्सर. तिनं त्या संघाला पहिलं पदक मिळवून दिलं, कांस्य. पण त्या संघात जायला निर्वासित असावं लागतं. तो दाखला कुणी हौसेनं मिळवत नाही, आणि तुला तो कधी मिळू नये अशीच माझी इच्छा आहे. ज्याला देश आहे, पण देशाच्या वतीनं खेळायचं नाही, त्याच्यासाठी या सगळ्या घरात एकही खोली नाही.

ती असावी, असं माझं मत आहे. दुसऱ्या खेळांत असल्या खोल्या आहेतच की. टेनिसमधल्या विम्बल्डनला नाव जातं ते क्रमवारीनं, नावापुढचा झेंडा नुसता शोभेचा. (ऑलिंपिकला मात्र त्याच टेनिसपटूनं आपल्या देशाच्या संघातून आधी हजेरी लावलेली असावी लागते. दारावरचा माणूस तिथंही आहेच.) बुद्धिबळात अलिरेझा फिरूझा २०१९ च्या अखेरीस मॉस्कोच्या जागतिक रॅपिड स्पर्धेत इराणचा झेंडा सोडून थेट फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, झेंड्याखाली खेळला, सोळाव्या वर्षी रौप्य मिळवलं आणि पुढं फ्रान्सचा झाला. पटाला काही फरक पडला नाही, सोंगट्या होत्या तशाच चालल्या. अ‍ॅथलेटिक्सनं आणि ऑलिंपिकनं एवढंच करावं: ज्यानं पात्रतेची वेळ गाठलीय आणि ज्याला संघटनेनं अडवलंय, किंवा जो स्वतःहून देश नको म्हणतो, त्याचा अर्ज आंतरराष्ट्रीय महासंघानं थेट घ्यावा. सगळ्यांसाठी देशांची पद्धत राहू दे, एरिकची जागाही राहू दे. बाजूला एक लेन रिकामी ठेवा. मला खात्री आहे, फार थोडे जण तिच्यात उतरतील. पण ती आहे एवढं कळलं की मुदत संपल्यावर यादी पाठवणारे वेळेवर पाठवायला लागतील.

हे झालं जगाचं. तुझ्या वयात हे होईल याची वाट बघत बसू नकोस. आता तुझं.

नागरिकत्व हे स्पाइक्ससारखं बदलायचं सामान नाही, पण त्याला हात लावला की विटाळ होतो असंही नाही. एलेना रिबाकिना मॉस्कोत जन्मली. २०१८ मध्ये कझाकस्ताननं आर्थिक पाठबळ देऊ केलं, ती तिकडची झाली. २०२२ ला विम्बल्डननं रशियाच्या खेळाडूंना बंदी घातली आणि त्याच वर्षी हिनं ते जिंकलं. तुझा भाऊ हे उदाहरण टाळ्या वाजवत देईल. त्याला स्टीफन चेरोनोचं दे. केनियाचा स्टीपलचेसवाला (अडथळे ओलांडत धावायची लांब शर्यत), २००३ मध्ये कतारचा सैफ सईद शाहीन झाला, काही आठवड्यांत जागतिक विजेतेपदही मिळवलं. पण २००४ चं अथेन्स ऑलिंपिक त्याला घरून बघावं लागलं. देश बदलल्यावरची तीन वर्षांची मुदत माफ करायला केनियानं नकार दिला. त्याच वर्षी त्यानं जागतिक विक्रम केला, सात मिनिटं ५३.६३ सेकंदांचा. विक्रमाचं वर्ष आणि ऑलिंपिकचं वर्ष एकच, आणि तो ऑलिंपिकला नाही. त्याआधी १९८६ मध्ये बल्गेरियातून निसटलेल्या नईम सुलेमानोग्लूसाठी तुर्कस्ताननं बल्गेरियाला जवळजवळ दहा लाख डॉलर मोजले होते, तेव्हा कुठं तो सोलला वजन उचलू शकला. खेळाडू सोडवून आणायला पैसे मोजावे लागतात, यावरून आधी तो कुणाच्या ताब्यात होता ते कळतं.

अशा देवघेवीचा बाजार फार वाढला म्हणून अ‍ॅथलेटिक्सनं २०१७ मध्ये देशबदल सरसकट थांबवला आणि पुढच्या वर्षी नवे नियम केले. एकदा जर्सी घातली की बदलायला तीन वर्षं थांबायचं, वयाची वीस वर्षं होण्याआधी बदलायचं नाही, आणि बदल एकदाच. तुझ्यासाठी यातली मोलाची गोष्ट ही की तू अजून कुणाचीच जर्सी घातलेली नाहीस. पहिली जर्सी सगळ्यात महाग. कुठल्याशा किरकोळ स्पर्धेला ‘सहज’ म्हणून, कुणाच्या आग्रहाखातर ती अंगात घालू नकोस.

इथल्या देशाचं म्हणशील तर पाच जणी पुढं आणि जागा तीन. हे गणित तुझा कोच भावना बाजूला ठेवूनच करतोय असं म्हणतो ना? मग त्याला हेही विचार की पुढच्या चार वर्षांत त्या पाचांपैकी तिघींना तू मागं टाकशील का, आणि त्याचं उत्तर घड्याळाच्या आकड्यांत माग. माझा अंदाज, तो घसा खाकरेल. शिवाय इथलं नागरिकत्व तुला राहण्यासाठी, शिकण्यासाठी, नोकरीसाठी हवं असेल तर त्यासाठी जरूर घे. जन्माच्या देशाला दुहेरी नागरिकत्व चालतं का ते मात्र आधी तपास. नाहीतर इथला कागद मिळेल आणि तिथलं दार बंद होईल.

माझा कौल जन्माच्या देशाकडे आहे, आणि तो मातीच्या ऋणासाठी नाही. तिथं तुला जागा आहे, आणि त्यांना तुझी गरज आहे. गरज असलेल्या माणसाशीच बोलणी करता येतात. तू आजवर फक्त त्यांची अट ऐकलीस. आता तुझी सांग. कोच सोडणार नाही. वर्षातून कॅम्पला ठरलेले दिवस येईन, मुक्काम ठोकणार नाही. माझ्या लेखी संमतीशिवाय रिलेत किंवा दुसऱ्या अंतरात नाव घालायचं नाही. दुखापत झाली तर खर्च कुणाचा. निवडीवरून वाद झाला तर दाद कुठं मागायची, आणि तो लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादापर्यंत नेता येईल का. हे सगळं पत्रानं विचार, फोनवर नाही. फोनवर सगळे गोड बोलतात.

त्यांनी सही करून पाठवलं तर धाव त्यांच्याकडून, आणि मनापासून धाव. नाही पाठवलं तर दोन हंगाम क्लबची जर्सीच बरी. निमंत्रणाच्या स्पर्धा आहेत, रस्त्यावरच्या शर्यती आहेत, तिथं तुझंच नाव लागतं. पंधराशेच्या धावपटूला विशी म्हणजे काही उशीर नाही, आणि तुझी वेळ आणखी दोन सेकंदांनी खाली आली की त्याच संघटनेच्या पत्राची भाषा बदललेली असेल.

बाबांशी ऋणावरून वाद घालू नकोस. त्यांनी देश सोडला तेव्हा त्यांच्या मनात काय काय मागं राहिलं असेल ते अकरा वर्षांच्या मुलीला कळलं नसणार, आणि वीस वर्षांच्या मुलीला त्यांनी बहुधा सांगितलेलं नाही. त्यांना संघटनेला पाठवायच्या पत्राचा मसुदा करायला बसव. अटी तू सांग, भाषा त्यांची असू दे. तिकडच्या कार्यालयाला कसं लिहायचं ते त्यांना तुझ्याहून बरं ठाऊक असेल.

आणि पत्रावर उत्तराची मुदत घाल. तारीख टाकून.